दोन घरांचं फ्रेंच

तारकर्लीच्या वाटेवर, खाडीच्या अलीकडे असलेल्या त्या गावात फ्रेंच भाषा दोन घरांत होती, आणि ती दोन्ही घरं एकमेकांना पाण्यात पाहत होती. एवढं सांगितलं की निम्मी गोष्ट सांगून झाली. उरलेली निम्मी हौसाबाईची आहे, आणि तिला फ्रेंच सोडाच, स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

दोन्ही घरं एकाच कुळातली. एक वरचं घर, टेंबावरचं, आणि एक खालचं, माडांतलं. देवळातल्या पालखीचा पुढचा उजवा खांदा कोणाचा यावरून कधी काळी पणजोबांचं बिनसलं आणि त्यांनी हा वारसा जपून नातवंडा-पतवंडांच्या हवाली केला. शेतं वाटली गेली, माड वाटले गेले, विहिरीला मधून भिंत घालायचंच तेवढं राहिलं. वरच्या घरातले भाई मुंबईच्या कॉलेजात संस्कृतऐवजी फ्रेंच घेऊन शिकले होते आणि एका व्यापारी पेढीत कारकुनी करून पेन्शनीवर गावी आले होते. खालच्या घरातला गुरुदास फ्रेंच प्रवासी बोटीवर टेबलं मांडायला होता. वीस वर्षं त्याने साहेबांना सूप वाढलं आणि छातीच्या दुखण्याने तो घरी परतला. भाईंना फ्रेंच वाचता-लिहिता येई, बोलता येत नसे. गुरुदासला बोलता येई, लिहिताना तो अडखळे. दोघांची गाठ घालून दिली असती तर एक पुरा माणूस झाला असता, पण ते व्हायचं नव्हतं. भाई म्हणत, गुरुदासचं फ्रेंच खरकट्या ताटांतलं. गुरुदास म्हणे, भाईंचं फ्रेंच वाळवी लागलेलं. गावाला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, म्हणून गाव दोघांनाही मान देई.

हौसाबाईला तर द्यावाच लागे. तिची खोप उभी होती ती जमीन वरच्या घराची, आणि तिच्या टोपलीत पडे ती मासळी खालच्या घराच्या रापणीची. किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसं ते थोरलं जाळं ओढून आणत आणि हौसाबाई तिथेच वाळूत उभी राहून आपला वाटा घेऊन मालवणच्या बाजाराला चालू लागे. नवरा तापाने गेला होता. एकुलता एक लवू मुंबईला जाऊन एका फ्रेंच मालबोटीवर खलाशी झाला होता. वय एकोणीस. बोटीवरून एकदा आला तेव्हा आईसाठी त्याने निळं लुगडं आणलं होतं. ते तिने नेसलं नाही, पेटीत ठेवलं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र खुला झाला, आणि बोट कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाचं पत्र आलं. रामचंद्र मास्तरांनी ते शाळेच्या पडवीत वाचून दाखवलं. मास्तर घाटावरचे, साधे गृहस्थ. पत्र इंग्रजीत होतं. ते एकदा मनाशी वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तेव्हाच हौसाबाई खाली बसली.

"हौसाबाई, मुलगा जिवंत आहे," मास्तर आधी म्हणाले. "जिबुती म्हणून बंदर आहे, फ्रेंच लोकांचं. तिथल्या इस्पितळात आहे. बोटीवर लोखंडी झाकण पायावर पडलं. जखम हाडापर्यंत गेली. हाड कुजतंय, म्हणून पाय कापायला हवा असं डॉक्टर म्हणतो."

"मगे कापीत कित्याक नाय?"

"त्यांच्या कायद्याने एकवीस वर्षांच्या आतला मुलगा म्हणजे लहान. आईची परवानगी हवी. तुमचा अंगठा हवा. डॉक्टर फ्रेंच आहे, तेव्हा मजकूर फ्रेंचमध्ये असला तर बरं, असं लिहिलंय. नमुना इंग्रजीत दिलाय. चारच ओळी आहेत."

एका पायाचा खलाशी कोणी ठेवत नाही, एका पायाचा माणूस रापणही ओढत नाही. हे सगळं हौसाबाईला मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं. पण शाळेच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिचं ठरलं. पाय गेला तर गेला. पोरगा दारात बसून जाळी विणील, पण बसलेला दिसेल. एवढा मोठा निवाडा त्या बाईने उभ्या उभ्या केला. पुढे शिकलेल्या माणसांनी एका शब्दाला केवढा वेळ लावला, तो आता ऐका.

ती तशीच टेंबावर गेली. भाई झोपाळ्यावर होते. पत्र हातात घेताना त्यांच्या तोंडावर दुःख होतं, नाही असं नाही, पण दुःखाच्या मागून दुसरंही काहीतरी डोकावत होतं. इतक्या वर्षांनी कोणाला तरी त्यांचं फ्रेंच लागलं होतं. त्यांनी नर्मदाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, हाक मारून दौत मागवली आणि कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला.

तीन ओळी झरझर झाल्या. चौथ्या ओळीत घोडं पेंड खायला लागलं. इंग्रजी नमुन्यात होतं, माझा मुलगा मी डॉक्टरांच्या 'चार्ज'मध्ये देते.

"हौशे, ह्यो चार्ज शब्द मोठो वाईट," भाई म्हणाले. "चार्ज म्हणजे राखण. चार्ज म्हणजे दर. चार्ज म्हणजे आरोप. चार्ज म्हणजे बंदुकीतली दारू. फौज चाल करता, तोव चार्ज. फ्रेंचात ह्या सगळ्यांका येगळे येगळे शब्द."

"भाईंनू, माका पोराची राखण व्हयी. बाकीचा कायएक नको."

"तां माका म्हायत आसा गो. पण योग्य शब्द व्हयो."

बऱ्याच पानांची उलथापालथ झाली. शेवटी भाईंनी ठरवलं की फ्रेंचमध्येही 'शार्ज' आहे, दोन्ही भाषांचं मूळ एक, तेव्हा तोच शब्द घालावा. सुवाच्य अक्षरात त्यांनी ओळ पुरी केली. हौसाबाईने शाईत अंगठा बुडवून उठवला. नर्मदाबाईंनी तिला चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "सरळ पोस्टात जा गो. आणि खंय जाव नको."

त्या बाईला आपलं घर माहीत होतं. हौसाबाईनेही ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिने तिच्या गावात कोणीही केलं असतं तेच केलं. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर दोन्ही घरं उभी लागत, लग्नाची अक्षत दोन्ही घरांत जाई, नवी होडी लोटतानाही नारळ दोन्ही घरांना दाखवावा लागे. एका घराला विचारलं आणि दुसऱ्याला नाही असं झालं की उद्या रापणीवर कोण काय बोलेल याचा नेम नाही. पोराच्या जिवाचं काम, त्यात कोणाचं मन दुखवून कशाला पाठवा, असं तिला वाटलं. म्हणून ती टेंब उतरून पोस्टाच्या वाटेला न लागता माडांत वळली. केवळ मान द्यायला. चूक म्हणायची तर एवढीच तिची चूक.

"गुरुदासदादा, भाईंनी लिवन दिल्यानी हा. तुमीव वायच नजरेखालसून घालतात?"

गुरुदासने कागद दूर धरून वाचला आणि तो हसला. ते हसू हौसाबाई मरेपर्यंत विसरली नाही.

"ह्यां काय लिवलानी हा? शार्ज? अगो, ह्याचो अर्थ जाता, माजो झील तुमच्या खर्चान ठेवा. डॉक्टर म्हणतलो, कोण ही बाय, पोराक आमच्या गळ्यात बांधता! मी मार्सेयच्या साहेबांका वीस वर्सां वाढलंय, माका शिकवतत काय हे?" आणि त्याने लाल पेन्सिल घेऊन भाईंच्या सुवाच्य अक्षरावर सरळ काट मारली. "गार्द. गार्द घालूक व्हया. गार्द म्हणजे राखण."

नव्या कागदावर, दहा वेळा खोडून, त्याने आपलं पत्र लिहिलं. त्यावरही तिने अंगठा उठवला. आता तिच्याकडे दोन कागद होते आणि त्यातल्या एकावर लाल काट होती. ती काट संध्याकाळच्या आत टेंबावर पोचली. कोणी पोचवली हे विचारू नये, अशा गोष्टी गावात आपल्या पायांनी चालतात.

दुसऱ्या दिवशी भाईंनी तिला बोलावून घेतलं. "गार्द? गार्द म्हणजे पहारो. तुरुंगावर असता तो गार्द, दारात कुत्रो बांधतत तो गार्द. तुजो झील चोर आसा काय गो हौशे? ह्यां पत्र गेला तर गावाची अब्रू जायत."

"भाईंनू, खंयचाय एक जावंदे. माका दिवस नाय आसत."

"खंयचाय एक कसा जायत? चुकीचा धाडूचा? माज्या घराच्या कागदार तेणा लाल पेन्सिल मारल्यान. ती आदी पुसून देवंदे, मगे काय ता बगू."

तिथून पुढे तो शब्द लवूचा राहिला नाही. तो पालखीचा खांदा झाला. वरच्या घराकडची माणसं शार्ज म्हणू लागली, खालच्या घराकडची गार्द. ज्यांना मराठी धड वाचता येत नव्हतं ते पारावर बसून फ्रेंच शब्दाचा कीस काढू लागले. कोणीतरी गुरुदासला विचारलं की राखणीला आणखी एखादा शब्द नाही का. त्याने कबूल केलं, आहे, डॉक्टर लोक 'स्वँ' म्हणतात. भाईंच्या कोशातही तो निघाला. पण तोवर आपला शब्द सोडायची दोघांचीही तयारी नव्हती. मधला शब्द घेणं म्हणजे दोघांनी एकदम हरणं, आणि तसलं हरणं त्यांच्या पिढ्यांत कोणी केलं नव्हतं.

रामचंद्र मास्तर एकदा न राहवून म्हणाले, "अहो, इंग्रजी नमुन्यावरच अंगठा घेऊन पाठवू या. तिकडे कोणीतरी वाचेलच." त्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही घरांचं एकमत झालं. दोन-दोन फ्रेंच जाणणारी माणसं गावात असताना इंग्रजी पत्र गेलं तर कंपनीत हसं होईल. मास्तर परगावचे, त्यांना बदलीची भीती. त्यांनी विषय सोडून दिला.

हौसाबाई रोज मासळी विकून येताना पोस्टाच्या दारावरून जाई. कनवटीला दोन्ही कागद घडी करून असत. पाठवायचा तर कुठला? भाईंनी सांगून ठेवलं होतं, गुरुदासाचा गेला तर खोपीला दुसरी जागा बघ. गुरुदासने सांगितलं होतं, भाईंचा गेला तर रापणीवर येऊ नकोस. दोघांनीही हे अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, तिच्याच भल्यासाठी सांगावं तसं. तिला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटे. ती म्हणे, "व्हय, व्हय."

मग कोणीतरी तोड काढली की देवाला कौल लावावा. पाषाणाला ओल्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर एक आणि डावी पडली तर दुसरं. हौसाबाईला हायसं वाटलं. माणसं ऐकत नाहीत, देव तरी ऐकेल. पण कौलाला दोन्ही घरं उभी लागतात, आणि उभी राहायची तर उजवीकडे कोण? उजवी कळी शार्जची की गार्दची? यावर पारावर बैठका झाल्या. त्या मिटतात न मिटतात तो वरच्या घरातला कोणी चुलतभाऊ मुंबईला वारला आणि सुतक आलं. सुतक फिटलं तर कळ्या लावणारा शंकर गुरव सासरवाडीला गेलेला. एजंटाचं कार्ड आलं, अंगठा अजून पोचला नाही, रोग्याची प्रकृती ढासळते आहे. मास्तरांनी ते वाचलं तेव्हा हौसाबाईने त्यांना पुन्हा वाचायला लावलं. मग ती उठून भर उन्हात शंकरच्या सासरवाडीला चालत गेली आणि त्याला पंगतीतून उठवून घेऊन आली.

कौल लागला. गाभाऱ्यात समईचा उजेड, बाहेर दोन बाजूंना दोन घरं. शंकर गाऱ्हाणं घालत होता आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. हौसाबाई खांबाला धरून कळ्यांकडे बघत राहिली. उजवी पडली. उजवी म्हणजे शार्ज. वरच्या घराकडच्या लोकांनी सुस्कारा सोडला आणि तिनेही सोडला.

गुरुदास पुढे झाला. "डावी कळी गुरवान दाबून लावलेली. मी बगलंय." आणि देवळाबाहेर पडता पडता तो तिच्यापाशी थांबला. "धाड तां पत्र, देवाचो हुकूम आसा. फकत फाल्या सकाळपासून रापणीर टोपली घेवन येव नको."

तेव्हा कुठे हौसाबाईला कळलं की देवाचंही इथे चालत नाही. ती दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेली. एका पाकिटावर जिबुतीचा पत्ता लिहून घेतला आणि दोन्ही कागद पुढे केले.

"दोन कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"दोनय घरांचो मान रवाक व्हयो."

मास्तरांनी दोन्ही कागद, एक लाल काट असलेला आणि एक खाडाखोडीचा, एका पाकिटात घालून चिकटवले. कोणाला काही सांगायचं नाही असं ठरलं. पाकीट तिने स्वतःच्या हाताने पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथे उभी होती. गावात दसऱ्याची तयारी चालली होती.

दिवाळी झाल्यावर धोंडू आला. तोही त्याच बोटीवरचा खलाशी, कोळंबचा. मालवण बंदरात तो उतरला आणि लवूची पेटी खांद्यावर घेऊन सरळ हौसाबाईच्या दारात आला. पेटी बघितल्यावर तिला काही विचारायचं उरलं नाही. ती खोपीत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवलं, आणि मगच तिच्या गळ्यातून जो काही आवाज निघाला तो ऐकून शेजारपाजारची माणसं धावली.

हळूहळू अंगण भरलं. भाई आले आणि पेटीजवळ उभे राहिले. गुरुदास आला आणि माडाला टेकला. धोंडू आपल्या दोन्ही पंजांकडे बघत सांगत होता.

"आमची बोट फिरान फिरान जिबुतीक लागय, तेवा मी तेका बगूक जाय. दर टायमाक एकच बोलणा. म्हणता, धोंड्या, बाकीच्यांच्या गावात एक माणूस फ्रेंच जाणणारो नाय. माज्या गावात दोन आसत. माजा पत्र आदी येतला. वॉर्डातल्या सगळ्यांका सांगान ठेवलेल्यान. आरब होते, सोमाली होते, सगळ्यांका. नर्स येय तशी तो उठान बसा. ती हात हलवी, पत्र नाय. तो म्हणा, येतला, दोघव मिळान बरोबर लिवतत आसतले, म्हणान येळ लागता."

हौसाबाईच्या मांडीवर लवूची पेटी उघडी होती आणि ती एकेक वस्तू बाहेर काढत होती. शर्ट, फणी, नव्या बुटांचा एक जोड, कागदात गुंडाळलेला. दोन्ही बूट कधी पायात गेले नव्हते.

"मागीर पाकीट इला," धोंडू म्हणाला. "त्या दिवशी मी थयसरच होतंय. डॉक्टरान फोडल्यान, दोन कागद बगल्यान, तेका कायच समाजना. इचारल्यान, दोन कित्याक? लवूक वायच वायच येय तेंची भाषा. तेणा सांगल्यान, आमच्या गावात दोन घरां आसत, दोनय घरांचा लागता. हसलो तो सांगताना. बरा वाटला तेका. डॉक्टर म्हणालो, दोनय कागदांचा म्हणणा एकच आसा. म्हणालो, अरे, कोरो कागद आनी आयेचो आंगठो धाडलो आसतो, तरीय माका चललो आसतो. दुसऱ्या दिवशी पाय कापल्यानी. पण जखमेचा वीख वर गेलेला. शुद्धीर इलोच नाय."

बायका रडायला लागल्या. हौसाबाई रडत नव्हती. तिने ते बूट पुन्हा कागदात गुंडाळायला घेतले होते आणि कागद काही केल्या नीट बसत नव्हता.

भाईंनी घसा साफ केला. ते वाईट माणूस नव्हते, असं गाव अजून म्हणतं. त्यांचे डोळे ओले होते, हेही खरं. पण तोंडातून आलं ते हे. "धोंडू, डॉक्टरान पयलो खंयचो कागद वाचल्यान? लाल पेन्सिलीचो?"

"पेन्सिलीचो वाचूकच येवचो नाय," माडाकडून गुरुदास म्हणाला. "माजोच वाचल्यान आसतलो."

हौसाबाईने मान वर केली. तिने भाईंकडे पाहिलं, मग गुरुदासकडे. अंगणाला वाटलं, आता ही शिव्या देणार. तिला शिव्या येत होत्या, बाजारात तिची ख्याती होती. पण पेटी लावून घेऊन ती आत गेली आणि तिने खोपीचं दार ओढून घेतलं.

त्यानंतर चमत्कार म्हणावा असं घडलं. दोन्ही घरांचा समेट झाला. लवूच्या मरणाने त्यांची मनं हलली असं लोक म्हणाले, आणि हललीही असतील. पालखीचा पुढचा उजवा खांदा एक वर्ष वरच्या घराने, एक वर्ष खालच्या घराने घ्यावा असं ठरलं. इतकं सोपं होतं ते. भाई गुरुदासच्या पडवीत जाऊन बसले, दोघे फ्रेंचमध्ये एकमेकांना काहीबाही म्हणाले आणि हसले. हौसाबाईला ते लोकांनी कौतुकाने सांगितलं. तिच्या खोपीखालची जमीन तशीच राहिली, रापणीवरही तिला कोणी अडवलं नाही. उलट गुरुदास तिच्या टोपलीत मूठभर जास्त टाकी. ती त्याच्यासमोर ती मूठ काढून वाळूत टाकत असे.

जत्रेचा दिवस आला. देऊळ माणसांनी भरलं होतं. मुंबईचे चाकरमानी आले होते. गाभाऱ्यापुढे भाई आणि गुरुदास पहिल्यांदाच शेजारी शेजारी उभे होते, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. बायका खांबांच्या मागे होत्या. हौसाबाईने पेटीतलं निळं लुगडं नेसलं होतं. शंकर गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा, आज वरचा घर, खालचा घर, तुजी सगळी लेकरां एक जावन तुज्या पायाकडे उबी आसत..."

"व्हय म्हाराजा," सगळं देऊळ म्हणालं.

"जी पोरां दर्यार आसत, परमुलखात आसत, तेंची राखण कर, तेंका सुखरूप घराक येवंदे..."

"व्हय म्हाराजा."

"आनी कळत नकळत आमच्या हातसून काय चुकला माकला आसात, तां पोटात घाल, लेकरांका माफी दी..."

"व्हय म्हाराजा."

"नाय म्हाराजा."

आवाज खांबामागून आला. मोठा नव्हता, पण इतरांचा थांबल्यावर आला म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. शंकर थबकला. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं असतं. त्याच्या आज्याने, बापाने, त्याने स्वतः, कोणीही त्या देवळात दुसरं काही ऐकलं नव्हतं. नाय आल्यावर पुढे काय म्हणायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भाईंनी मागे वळून पाहिलं नाही, गुरुदासनेही नाही. दोघांच्या माना एकाच वेळी खाली गेल्या.

कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "म्हण रे शंकर, परत म्हण."

शंकरने हात पुन्हा जोडले. "कळत नकळत आमच्या हातसून काय चुकला माकला आसात, तां पोटात घाल..."

ह्या खेपेला लोकांचं व्हय अर्धवट आलं, आणि त्याच्या मागोमाग तेच, तसंच. "नाय म्हाराजा."

शंकरने पाषाणाकडे पाहिलं. मग ते वाक्य त्याने सोडून दिलं आणि पाऊसपाण्याचं, गुराढोरांचं मागणं मागायला लागला. लोक व्हय म्हणत राहिले. त्या वर्षीचं गाऱ्हाणं तसंच पुरं झालं, माफीवाचून, आणि हौसाबाई ते संपेपर्यंत खांबाला टेकून उभी होती.